दगड हलला तर

नाही, नाही मॅडम, ती आधी खाली ठेवा. दोन्ही हातांनी — एक हात खालून, पोटाशी घ्या — हं, अस्सं. पडली तर तुमच्या पायाचं हाड जाईल आणि माझी लेन्स जाईल, आणि मला कशाचं जास्त वाईट वाटेल ते मी तोंडावर सांगणार नाही. बसा. ते स्टूल ओढून घ्या. दार अर्धं लावलंय म्हणून बिचकू नका, दुकान उघडंच आहे — आज जरा उजेड सोसत नाहीये डोळ्यांना, पहाटेपासून उठलोय, एवढंच. आणि हे गुडघ्याचं बघू नका, खडीवर टेकलो होतो, पँट फाटली, कातडं सोलवटलं, आमच्या धंद्यात चालायचंच. तर तुमचा प्रश्न काय — पक्ष्यांचे फोटो काढायचेत, प्राइम घेऊ का स्टॅबिलायझरवाली झूम घेऊ. रोज कोणीतरी विचारतं. आणि मी रोज उलटं विचारतो की आधी हे सांगा, तुम्हाला पक्षी कसले हवेत? फांदीवर बसून गाणारे, का मारणारे?

हसू नका. सगळे पहिल्यांदा गाणारेच म्हणतात. तो भिंतीवरचा फोटो बघा — शिक्रा. पंजाखाली साळुंकी आहे. ती मेलेली नाहीये, नीट बघा, डोळा उघडा आहे तिचा. शिक्रा मारत बसत नाही, धरतो आणि सोलायलाच घेतो, छातीपासून. पिसं उडत असतात आणि ती ओरडत असते, शेवटपर्यंत ओरडते. लोक म्हणतात पक्षी किती निरागस! डोंबलाचं निरागस. त्याच्या शेजारी बगळा बघा, चोचीत बेडूक आरपार. खाली तो खंड्या, मासा फांदीवर आपटतोय — काटे मोडेपर्यंत आपटतो तो, एकदा आपटून भागत नाही त्याचं. मला आवडतं ते. खोटं कशाला बोलू? त्यात लबाडी नाही. भूक लागली, मारलं, खाल्लं, चोच पुसली. माणसासारखं आधी गळ्यात हात घालून मग मागून — जाऊ दे. लेन्सबद्दल बोलू.

प्राइम म्हणजे एकाच अंतराची बांधलेली. ती पुढे होत नाही, मागे होत नाही. हट्टी बाई. पक्षी जवळ आला तर तुम्ही मागे सरका, लांब गेला तर तुम्ही पोटावर रांगत पुढे जा, तिला काही सांगायचं नाही. पण त्या बदल्यात ती काच काय देते! बेडकाच्या पायाची बोटं दिसतात, बोटांमधली कातडी दिसते. आणि अंधुकात बघते. पहाटे, संध्याकाळी, जेव्हा खरी मारामारी चालते, तेव्हा झूम चाचपडायला लागते आणि ही बघत असते. झूमचं म्हणाल तर ती सोयीची. ही कडी फिरवली की पक्षी जवळ, उलटी फिरवली की सगळं रान समोर. आणि आत स्टॅबिलायझर — काचेचा एक तुकडा आत तरंगत असतो, तुमचा हात इकडे थरथरला की तो तिकडे सरकतो, लाडावलेल्या पोराच्या आईसारखा, तुमची चूक कोणाला दिसायच्या आधी झाकून टाकतो. माझी ही प्राइम जुनी आहे. हिच्यात ते नाही. हिच्यात तुमचा हात दिसतो. धाप लागली, दिसते. घाबरलात, दिसतं. राग आला — ते जाऊ दे.

घ्या, उगाच माझ्या शब्दावर जाऊ नका. ही प्राइम कॅमेऱ्याला लावलेलीच आहे, धरा डोळ्याला. जड आहे हो, माहीत आहे मला, म्हणून तर धरा. दाराच्या फटीतून समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी बघा. अक्षरं नाचतायत ना? तो तुमचा हात. आता दाबा. हं. आता ही झूम, हे बटण इकडे — अर्धं दाबा, धरून ठेवा. थांबली ना पाटी? बघा, जादू वाटते. सगळे इथेच भुलतात. पण स्टॅबिलायझर फक्त तुमचा हात थांबवतो, पक्षी नाही थांबवत. पक्ष्याने पंख मारला आणि शटर मंद असलं तर पंख फिसकटणारच, कुठलीही लेन्स लावा. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगतो, ती पाठ करून ठेवा, आयुष्यभर पुरेल. फोटो बिघडला की आधी पक्ष्याकडे बघू नका, पक्ष्याच्या खालच्या दगडाकडे बघा. पक्षी हलला असेल तर तो पक्ष्याचा दोष. दगड हलला असेल तर तुमचा. दगड काही आपल्या पायाने हलत नाही. बघा तुमचा मघाचा फोटो, पाटी कशी दुहेरी आलीये! लाजू नका, पहिल्यांदा सगळ्यांची येते.

वाजू दे तो. मेहुणी आहे. सकाळपासून तिचं चाललंय — भाऊजी, हे आले का तुमच्याकडे, भाऊजी, ह्यांचा फोन लागत नाही. पहिला उचलला मी, सांगितलं, गेला असेल कुठल्यातरी पक्ष्यामागे, येईल. काय चुकीचं सांगितलं? जायचाच तो. माझा साडू म्हणजे — तुम्हाला सांगतो, तुमच्या प्रश्नाचं उत्तरच आहे तो माणूस. झूमवाला. ह्याच दुकानातून घेतली त्याने, ह्याच स्टुलावर बसून, आणि मी त्याला सगळं शिकवलं. धरायचं कसं, श्वास कधी सोडायचा, उडायच्या आधी पक्षी पुढे झुकतो, शिटतो, तेव्हाच बोट तयार ठेवायचं. सगळं. आणि हा कसा निघाला माहितीये? आयत्या बिळावर नागोबा. घरटं शोधायचं मी, काट्यांत, उन्हात, जळवा लावून घ्यायच्या मी, आणि हे साहेब गाडीतून उतरणार, कडी फिरवणार, खटाखट खटाखट, आणि घरी जाऊन बक्षिसाला पाठवणार. बरं, मिळायचं हो त्याला बक्षीस! तेच जास्त झोंबतं.

तेवढं असतं तर मी गिळलं असतं. नात्यात माणूस पुष्कळ गिळतो. पण त्याला थांबायला यायचं नाही. घार खाली येत नाही? मग आमिष लावा. कबुतराचं पिल्लू आणायचा बाजारातून, जिवंत, आणि पायाला मासे धरायची तंगूस बांधून दगडाला अडकवायचा. ते फडफडायचं, तंगूस पायात रुतायची, पाय तुटायचा कधीकधी, आणि हा झाडाआड बसून म्हणायचा, दादा, आता बघा कशी येते. मला दादा म्हणतो तो. साडूला दादा म्हणायची काही गरज नाही, पण गोड बोलून काम काढायची सवय. मी एकदा तंगूस कापली. पिल्लू उडालंच नाही, पायच राहिला नव्हता त्याला. मग मी त्याची मान मोडली, ह्या हातांनी, आणि ते तसंच साडूच्या कपाळावर फेकून मारलं. हसला तो. कपाळाचं रक्त पुसलं आणि हसला. म्हणाला, दादा, तुमचा नेम चांगला आहे, फोटो का नाही येत?

बसा हो. कुठे निघालात? लेन्सचं राहिलंय अजून.

गेल्या वर्षीचं सांगतो. शृंगी घुबड — शिंगं नसतात, डोक्यावर पिसांचे दोन तुरे असतात म्हणून शृंगी. एवढं मोठं, मांजर उचलून नेईल. जुन्या दगडखाणीत, कपारीत घरटं होतं, मी शोधलेलं. पिल्लं होती आत, पांढरी, कापसाचे बोळे नुसते. समोर एक काटेरी झुडूप होतं, त्याच्या सावलीत ती बसायची, आणि तेवढ्यासाठीच जागा निवडली होती मादीने. हा एका दुपारी मला न सांगता गेला आणि कोयत्याने झुडूप साफ केलं. फोटो स्वच्छ यावा म्हणून! फोटो आला. छान आला. आणि मग पिल्लं उघडी पडली, आणि कावळे आले. मी गेलो तेव्हा कावळे काम संपवत होते. मादी एकाला धरून फाडत होती तर बाकीचे मागून — एकटी किती जणांना पुरणार? मला बघवेना. मी, ह्या भिंतीवरचे फोटो काढणारा मी, मला बघवेना. डोळ्यातून पाणी आलं हो, खरंच सांगतो. त्याच दिवशी मी त्याची कॉलर धरली त्याच्याच घरात आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटणार तर बायको मध्ये पडली माझी. म्हणाली, घुबडासाठी माझ्या बहिणीचं कुंकू पुसणार आहात का? घुबडासाठी! तिला अजून वाटतं ते घुबडासाठी होतं.

आणि नंतर दिलजमाई म्हणून सासऱ्यांनी जेवायला बोलावलं सगळ्यांना. तिथे पठ्ठ्या डोक्याला पट्टी लावून बसलाय आणि भर पंगतीत म्हणतो काय, आमची जोडी झकास आहे, दादा पक्षी हुडकतात, आम्ही टिपतो! हसले सगळे. सासरे हसले, मेहुणी हसली. माझी बायको — ती पदर तोंडाला लावून हसली, पण हसली. मी हसलो. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. काय करणार? तेव्हापासून मला तो हसण्याचा आवाज ह्या — ह्या — ह्या झूममधून येतो, बघा, ही कडी फिरवली की आतून जो खर्र आवाज येतो ना, तसा, ह्या कडीतून, ह्या, ह्या —

अरे. तडकली काच. काउंटरची. तुम्हाला लागलं नाही ना? बघू — नाही, तुम्हाला नाही, हे माझं आहे. काही नाही, काच जरा घुसलीये तळव्यात. पुसायचं फडकं द्या ते, निळं. लेन्सला काही झालेलं नाही, बघितलंत, झूमचं अंग भक्कम असतं, तेवढं तिचं कौतुक केलं पाहिजे. काय म्हणत होतो मी? प्राइमचा दोष. हं. मी प्राइमवाला असलो तरी तिचा दोष सांगणार, गिऱ्हाइकाला फसवत नाही मी. प्राइमचा दोष असा की तिला फक्त तेवढंच दिसतं. डोळ्याला लावली की पक्षी असतो आणि तुम्ही असता, मध्ये कोणी नाही, बाजूला कोणी नाही. बाजूला आग लागली तरी कळणार नाही. उदाहरण देतो. समजा एक माणूस खाणीच्या ह्या काठावर बसलाय, प्राइम घेऊन. समोरच्या काठाखाली घरटं आहे. आणि दुसरा एक माणूस समोरच्या कड्यावरून खाली उतरतोय, कपारीपर्यंत, कारण ह्या वर्षी पुन्हा झुडूप वाढलंय आणि त्याला स्वच्छ फोटो हवाय —

हो, तीच खाण. मादी परत आली ह्या वर्षी, त्याच कपारीत. हट्टी बाई. मी कोणाला सांगितलं नव्हतं, सगळा हंगाम एकटा जात होतो, तिला ओळखायला लागलो होतो — ती घरट्यात नसली की उजव्या बाजूच्या सुळक्यामागे बसते, दिवसाचं तिथेच, रंग दगडाचा आणि तिचा एकच, माहीत नसेल त्याला हाताच्या अंतरावरून दिसणार नाही. आणि मग परवा मीच साडूला म्हटलं, चल, तुला एक दाखवतो. का म्हटलं? झालं गेलं विसरायला नको का माणसाने? सगळे म्हणतच होते विसर, विसर. म्हटलं चल.

हो, आज सकाळी. उदाहरण म्हणालो ना मी? मग उदाहरणच आहे ते, आज सकाळचं आहे म्हणून काय बिघडलं? ऊन खाणीत उतरलं नव्हतं अजून. पिल्लू झुडपामागे, नीट दिसेना. तो म्हणाला, दादा, ती फांदी तेवढी बाजूला केली ना, की झालं. मी म्हटलं, कर. खाली उतरताना टेकायला म्हणून माझा ट्रायपॉड घेऊन गेला, फांदी दाबून धरायलाही होईल म्हणाला. माझाच ट्रायपॉड. वळसा घालून समोरच्या कड्यावर गेला आणि हात करून विचारलं, कुठून उतरू? मी हाताने दाखवलं, उजवीकडून. दगड पायऱ्यांसारखे आहेत तिथे. खरंच आहेत, मी खोटं नाही दाखवलं. डावीकडून लांब पडतं.

आणि तो उतरला. झूम गळ्यात, ट्रायपॉड हातात. मी प्राइम उचलली. फांदीला त्याने ट्रायपॉडचा पाय लावला, पिल्लाने चोच वाजवली — घुबडाचं पिल्लू घाबरलं की चोच वाजवतं, टक टक टक — आणि ती आली. मॅडम, घुबडाच्या पंखांना आवाज नसतो. त्याला कळलंच नाही. पाठीमागून, पूर्ण वेगात, दोन्ही पंजे पुढे करून डोक्यावर बसली ती त्याच्या, आणि नख्या — नख्या बोटाएवढ्या असतात — नख्या कपाळातून भुवईखाली गेल्या. त्याने ट्रायपॉड सोडला. तो खाली जाताना किती वेळ वाजत गेला. मग पाय सरकला त्याचा आणि तो कपारीच्या काठाला लटकला, दहा बोटांनी, मान माझ्याकडे वळवून, आणि त्याला तोंड झाकायलासुद्धा हात नव्हता. हे तिला समजलं. खरंच समजलं. ती उठली, वळली आणि परत आली, आता समोरून, तोंडावर. डावा डोळा गेला त्याचा पहिल्याच झडपेत, मी बघितलं जाताना. गालाचं कातडं खाली आलं. ती परत वळली. परत आली. गेल्या वर्षीची सगळी पिल्लं होती हो तिच्या पंजात. मला बरं वाटलं. असं आतून, पोटातून बरं वाटलं, मी तुमच्यापासून काय लपवू?

उठू नका! — उठू नका हो, ओरडलो, चुकलं माझं. हात लागला का? नाही, ते माझं रक्त आहे, तुमच्या बाहीला लागलं, धुतलं की जाईल. बसा. एक गोष्ट दाखवायची राहिलीये. तुम्ही फोटो शिकायला आलात ना? मग जन्मात एकदा दिसतो असा फोटो आहे. तो कॅमेरा द्या इकडे, तुमच्या मांडीवरचा. तुमचा पाटीचा फोटो मागे टाकला की त्याच्या आधीचा तो — हा. बघा. धरा नीट.

बघा ना.

आयुष्यभर फोटो काढले, पण असा नाही आला. आतापर्यंत कोणी काढला नसेल. तिचे डोळे बघा, नारिंगी, निखारे नुसते. पंख ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. पंजे उघडलेत, अजून लागायचेत, आणि त्याचं तोंड वर — त्याला ती येताना दिसतेय, एका डोळ्याने. अजून दाखवतो, हा त्याच्या आधीचा — नको? बरं, नको. हाच बघा. दादा पक्षी हुडकतात म्हणे! आता म्हण. आता म्हण कोण टिपतं ते.

ओरडत होता का? तोंड उघडं दिसतंय खरं. पण अंतर होतं हो मध्ये, अख्खी खाण होती, काय ऐकू येणार — हां. टक टक ऐकू आली म्हणालो मी. ट्रायपॉड वाजत गेला म्हणालो. आलं असेल ऐकू. त्या खाणीत खडा पडला तरी घुमतो, तुम्ही बरोबर पकडलंत. दादा म्हणत होता तो. दादा, दादा, दगड मारा, तिला दगड मारा. माझ्या पायाशी दगडच दगड होते. पण माझे दोन्ही हात लेन्सला होते ना, मॅडम. हाच तर दोष सांगत होतो मी प्राइमचा! एका हाताने धरताच येत नाही ती. झूम असती तर मी कडी फिरवली असती, सगळी खाण दिसली असती, कोण कुठे आहे, किती उंचावर आहे, पायाशी दगड आहेत — प्राइममध्ये फक्त त्याचं तोंड होतं आणि ती होती. मी घाबरलो होतो. घाबरलेला माणूस काय करणार? जागच्या जागी गोठतो. हात लटलट कापत होते माझे. डोळ्यापुढे अंधारी येत होती. तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतंत, बोट आपोआप दाबलं जातं, सवय असते ती —

मग पडला. सुटली बोटं. खाली एक टप्पा आहे, खडीचा, तिथे अडकला. पाठीवर. मी बघितलं. हात हलत होता त्याचा, असा, वर. त्या अंतरावरून, अंधुकात, त्याच्या अंगठीसकट हात दिसत होता मला. काच काय आहे बघा तिची! मग ऊन आलं खाणीत. मग मी लेन्सला टोपण लावलं, आणि दुकान उघडायची वेळ झाली होती.

परत वाजतोय. वाजू दे. तुम्ही काय बघताय एवढं त्या फोटोत? मोठा करून काय बघताय? पंख फिसकटलेत म्हणून? ते फिसकटणारच, मॅडम, मी मघाशीच सांगितलं तुम्हाला, उजेड नव्हता, शटर फार मंद ठेवावं लागलं, पंख काही दगड नाहीत स्थिर राहायला. तो पक्ष्याचा दोष. ते काही — पंखांचं नाही म्हणताय? मग बोट कुठे ठेवलंय तुम्ही? दाखवा.

दगड.

हं.

कपारीचा काठ. त्यावरची त्याची बोटं. नखं दिसतात नाही, पांढरी पडलेली? शेवाळ्याचा तंतू न् तंतू दिसतो. केवढा काटेकोर आलाय दगड. हो. ट्रायपॉड त्याच्याकडे होता. टेकायला काही नव्हतं मला, उघडी खडी होती, गुडघ्यांवर बसलो होतो. स्टॅबिलायझर नाही हिच्यात. शटर मंद. आणि समोर माझ्या बायकोच्या बहिणीचा नवरा मला दादा दादा म्हणत होता.

नाही हलला दगड.

तुम्ही चांगल्या शिकाल, मॅडम. एवढ्यात पाठ झालं तुमचं. घ्या, वाजतोय तो. तुम्हीच उचला. माझ्याने तिचा आवाज ऐकवणार नाही. सांगा, जुनी दगडखाण, तिला माहीत आहे. सांगा, दोर घेऊन या, माणसं घेऊन या, खडीच्या टप्प्यावर आहे तो. आणि थांबा, हे आधी सांगा, बाकीचं नंतर. म्हणावं, डावीकडून उतरा. लांब पडलं तरी डावीकडूनच उतरा. उजवीकडे ती बसलेली असते.

माझ्याकडे काय बघताय? बोला तिच्याशी. आणि मग जा तुम्ही. दुकान बंद आहे.